दोघी रिपीट

"दावं घट्ट धर, वहिनी. लई लाथा झाडते तुमची म्हैस," म्हशी भरवायला आलेला प्रभू म्हणाला आणि खांद्यापर्यंत प्लास्टिकचा मोजा चढवून त्याने चंद्रीची शेपटी बाजूला सारली.

अंजलीने दाव्याचा एक वेढा मनगटाला दिला. दुसऱ्या हाताने ती चंद्रीचं कपाळ खाजवत राहिली. चंद्रीने डोळे मोठे केले, एक जोराचा सुस्कारा टाकला आणि मग जे चाललं होतं ते चालू दिलं. प्रभूने मोटरसायकलला बांधलेल्या गार टाकीतून काढलेली रेड्याच्या बियाची बारीक नळी एका लांब सळईत बसवली होती. ती आत गेली, बाहेर आली, काम झालं. ओसरीवर बसलेली बनाबाई, अंजलीची सासू, मान उंच करून सगळं बघत होती.

"झालं," प्रभू मोजा उलटा करून काढत म्हणाला. "तीन आठवडे ध्यान ठेवा. रिपीट झाली तर फोन करा."

"आजून किती बारी रिपीट व्हईल रं बाबा? ही तिसरी टाइम हाय."

"मावशे, माझ्या हातात काय हाय? मी बराबर भरून राहिलो. म्हैसच तशी आसंल तर मी काय करू?"

बनाबाईने यावर मान हलवली. म्हैसच तशी असेल, हे तिला पटण्यासारखं होतं.

पूर्वी या गावात म्हैस उलटायची. भरवलेली म्हैस गाभण न राहता पुन्हा माजावर आली, की लोक 'उलटली' म्हणायचे, तिला चार शिव्या घालायचे आणि पुन्हा रेड्याकडे न्यायचे. गावातला रेडा म्हातारा होऊन मेला, प्रभू टाकी बांधून यायला लागला, आणि त्याच्या मागोमाग हा शब्द आला. खेड्यातल्या माणसाला नवा शब्द सापडला, की तो त्या बिचाऱ्या शब्दाला बसू देत नाही. चहा रिपीट झाला, जुनाच सरपंच रिपीट झाला, दहावीला आपटलेली पोरं रिपीट झाली. अंजलीचे सासरे दगडोबा जेवताना ताट पुढे करून 'रिपीट' म्हणायचे आणि भाकरी पडायच्या आत स्वतःच खो खो हसायचे. अंजलीलाही हसू यायचं.

मग एका दुपारी शेजारची शालूबाई तूर निवडायला येऊन बसली. अंजली आत पीठ चाळत होती. बाहेर बनाबाई साध्या आवाजात, पाऊसपाण्याचं बोलावं तसं म्हणाली, "आमच्या घरात दोघीबी रिपीट हाईत बघ. म्हैस आन् सून." शालूबाई फिसकन हसली. अंजलीच्या हातातली चाळणी थांबली. तिला वाटलं, आता सासू गप्प बसेल, निदान आवाज तरी खाली आणेल. बनाबाईने तसं काहीच केलं नाही. तुरीतला खडा वेचून तिने अंगणात फेकला आणि शालूबाईच्या जावयाची चौकशी सुरू केली.

त्यानंतर आडपडदा उरला नाही. दर महिन्याला अंजली बाहेर बसली, गोठ्याच्या कडेला तिने आपली घोंगडी टाकली, की बनाबाई तिथे येऊन उभी राहायची.

"रिपीट?"

अंजलीने मान हलवली की ती परत जायची. शिव्या नाहीत, आदळआपट नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं अंजलीला वाटायचं. शिव्या देणारं माणूस चिडलेलं असतं आणि चिडलेलं माणूस कधीतरी शांत होतं. बनाबाई चिडलेली नव्हती, आणि अंजलीला तिची भीती वाटायची ती त्यामुळेच.

लग्नाला पाच वर्षं झाली होती. हिंगोलीचे डॉक्टर झाले, वसमतचे झाले. सगळ्यांनी अंजलीला तपासलं आणि सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. बनाबाई म्हणायची, "डाक्टरला सापडत न्हाई एवढंच." मग एका देवऋषीने दिलेला पाला उपाशीपोटी वाटून प्यायचा झाला. तो पिऊन अंजलीला इतक्या वांत्या झाल्या, की दोन दिवस ती उठली नाही. तिचा नवरा शिवहार मेंढरं घेऊन बाहेर गेला तो ते दोन दिवस घराकडे फिरकलाच नाही. तो वाईट माणूस नव्हता. त्याने तिच्यावर कधी हात उचलला नव्हता, बाजारातून येताना तो तिच्यासाठी आठवणीने भजी बांधून आणायचा. मुलाचा विषय निघाला, की मात्र त्याला हटकून एखादी मेंढी लंगडताना आठवायची.

तीन आठवडे झाले आणि चंद्री पुन्हा हंबरायला लागली.

दगडोबांनी त्याच दिवशी व्यापाऱ्याला निरोप धाडला. व्यापारी दुसऱ्या दिवशी दुपारी आला. म्हशीचा व्यापारी आला, की आधी कासेला हात लावतो, दूध विचारतो. याने कासेकडे पाहिलंसुद्धा नाही. चंद्रीच्या पुठ्ठ्यावर, पाठीच्या कण्यावर त्याने बोटं दाबून पाहिली, मग तळव्याने थोपटलं.

"अंगानं भरलीय," तो म्हणाला. "शुक्रवारी टेम्पो लावतो."

तो गेल्यावर अंजली दगडोबांजवळ आली.

"मामा, दुधाला नेणार का वं तिला?"

"भाकड म्हशीला दुधाला कोण नेतंय, बाई?" दगडोबा म्हणाले. ते पटका सोडून पुन्हा बांधायला लागले. चांगला बांधलेला पटका त्यांनी उगाचच सोडला होता. "दावणीला भाकड जनावर ठेवून जमत न्हाई. ही गेली की दुसरी आणता येती."

अंजली गोठ्यात गेली आणि चंद्रीच्या मानेला डोकं टेकून उभी राहिली. तिला रडू आलं, आणि ते नुसतं म्हशीसाठी नव्हतं हे तिला पक्कं ठाऊक होतं.

त्याच दिवशी, दिवेलागणीच्या आधी, बनाबाईने तिला हाक मारली. ओसरीवर तेलाची वाटी आणि फणी घेऊन ती बसली होती. पाच वर्षांत तिने सुनेच्या केसाला हात लावला नव्हता. अंजली पुढ्यात बसली. सासूची बोटं डोक्यात हळुवार फिरायला लागली आणि अंजलीच्या अंगावर काटा आला.

"तुझी धाकटी बहीण राधिका आता कितवीला हाय गं?"

"बारावी झाली. वसमतला कालिजात जाऊन राहिली."

"गुणाची हाय. रंगानं तुझ्यापक्षा उजळ." तेल मुरवायला बनाबाईने तळवा टाळूवर थापला. "हे बघ, दुसरी आणायचीच हाय. भावकी थांबू देईना. पर मी म्हणलं, परकी काहून आणावी? परकी आली की तुला उद्या घराबाहीर काढंल. पाठची बहीण आसली म्हंजी तुला तकलीफ न्हाई. दोघी एका ताटात जेवताल. व्हय का न्हाई?"

समोर अंगणात शिवहार कुऱ्हाडीने काठी तासत होता. त्याला सगळं ऐकू जात होतं. तासून तासून काठी बोटाएवढी झाली तरी त्याचा हात थांबला नाही.

"तूच जा," बनाबाई म्हणाली. "तुझ्या बापाजवळ तूच शब्द टाक. तू सोताहून म्हणलीस की त्यो न्हाई म्हणणार न्हाई. राधिकाला साडीबी आणून ठिवलीय मी."

अंजलीच्या वडिलांना बोलण्याने गुंडाळणं किती सोपं होतं, हे अंजलीइतकं कुणाला माहीत नव्हतं. थोरली लेक सासरी टिकावी म्हणून त्यांनी काहीही केलं असतं. आणि राधिका ताईचा शब्द मोडत नसे. लहानपणापासून मोडत नसे. सायकलवर बसून कॉलेजला जाणारी, नर्सिंगला जाणार म्हणून सगळ्यांना सांगत सुटलेली राधिका या ओसरीवर डोक्याला तेल लावून घेत बसलेली तिला मिटल्या डोळ्यांसमोर दिसली. तिने घाईने डोळे उघडले. हे होऊ द्यायचं नाही, एवढं तिला कळत होतं. कसं, ते कळत नव्हतं.

गुरुवारी सकाळी तांड्यावरचा नेमसिंग बोंब मारतच अंगणात शिरला.

"दगडोबा! तुमची म्हैस बी प्रभूनंच भरली व्हती ना?"

"व्हय. काहून?"

"आमच्या तांड्यावर त्यानं भरलेली एक म्हैस गाभण राहिली न्हाई. एक बी! मी काल सरकारी डाक्टरला धरून आणलं शिरड शहापूरवरून. त्यानं प्रभूची टाकी उघडून बघितली तर आत खडखडाट! त्या टाकीत थंड औषध आसावं लागतं, ते कवाचं उडून गेलं. ते गेलं की नळीतलं बी मरून जातं. हा बाबा वरून झाकण लावून गावोगाव मेलेलं बी भरत हिंडून राहिला."

"आन् त्याला कळलं न्हाई?"

"हाताला गार लागती म्हणून आत बघितलंच न्हाई म्हणतो! जनावरात काहीच खोट न्हाई, डाक्टरनं साफ सांगितलं. उद्या सकाळी त्यो इकडं येऊन राहिला, सगळ्या म्हशी पुन्हा तपासून भरून देतो म्हणला. तुमच्या लिंबाखाली सावली हाय, हितंच आणू का सगळ्या?"

"आणा की," दगडोबा म्हणाले आणि मटकन खाली बसले. मग उठून त्यांनी व्यापाऱ्याला फोन लावला आणि टेम्पो आणू नको म्हणून ओरडून सांगितलं.

बनाबाई गुळाचा खडा घेऊन गोठ्यात गेली. चंद्रीच्या तोंडात तो घालून ती तिच्या गळ्याखालून हात फिरवत राहिली. "गरिबाला उगंच नावं ठिवली गं माय," ती म्हणत होती. "दोष कुणाचा आन् इकायला कोण निघालं!" तिचा आवाज खरोखर कातर झाला होता. डोळ्यांना पदर लावलेला अंजलीने पाहिला.

दिवसभर अंजली वाट बघत होती. इतकं उघड झाल्यावर पुढचं वाक्य कुणाच्या तरी तोंडून निघेलच, असं तिला वाटत होतं. दगडोबा म्हणतील, शालूबाई म्हणेल, नाहीतर शिवहार. शेजारची धुरपताबाई आली, प्रभूच्या सात पिढ्या उद्धारून गेली. म्हशींबद्दल सगळे बोलले. जेवणं झाली, भांडी झाली. बनाबाईने नवी साडी पिशवीत घडी करून ठेवली आणि पिशवी अंजलीच्या हातात दिली.

"सकाळची गाडी धर," ती म्हणाली. "शुक्रवार चांगला हाय."

फाट्यावर दोघंच होते. दोन्ही बाजूला हळद उभी होती, पानं पिवळी पडायला लागली होती. शिवहार मोटरसायकलवर एक पाय टेकून बसला होता. अंजली पिशवी छातीशी धरून उभी होती.

"चंद्रीचं तर कळलं," ती म्हणाली. "आपलंबी एकदा बघावं. तुमी एकदा तपासून घ्या. मी कुणाला सांगत न्हाई."

शिवहार आरशावरची धूळ अंगठ्याने पुसायला लागला. आरसा स्वच्छ झाला तरी पुसत राहिला.

"तपासलंय," तो म्हणाला.

"कवा?"

"दोन वर्सं झाली. नांदेडला."

"मंग?"

"न्हाई व्हणार म्हणले. कवाच न्हाई. कायबी औषध न्हाई त्याला."

अंजलीला आधी त्याची कीव आली. एवढं मोठं माणूस दोन वर्षं हे पोटात घेऊन हिंडलं, या विचाराने तिचा हात त्याच्या खांद्याकडे गेलासुद्धा. मग तिला तो पाला आठवला. तो मागच्याच उन्हाळ्यातला. देवऋषीकडे तिला याच मोटरसायकलवर बसवून याच माणसाने नेलं होतं. तिने हात मागे घेतला.

"मामांना म्हाईत हाय?"

"आबाला न्हाई. आईला हाय."

"आत्यांना म्हाईत हाय?"

"आईच म्हणली, तोंड उघडू नको. गावात तोंड दाखवायला जागा ऱ्हाणार न्हाई."

गाडीचा हॉर्न लांबून ऐकू आला. अंजलीने घाईने विचारलं, "मंग राधिका काहून? सगळं म्हाईत आसून?"

"लोक मागं लागलेत. आबा मागं लागलाय, दुसरी कर, दुसरी कर. किती दिस थोपवू?"

"मंग दुसरी कुणीबी आणली आसती. राधिकाच काहून?"

शिवहारने तिच्याकडे पाहिलं नाही.

"परक्या घरची आणली आन् तिलाबी न्हाई झालं, तर लोक माझ्याकडं बघतेत. एका आईच्या दोघी आसल्या म्हंजी..."

"म्हंजी काय?"

"आई म्हणली, म्हंजी कुणी माझ्याकडं बघणार न्हाई."

"म्हंजी लोक म्हणतील, त्या घरच्या पोरीच तशा. आसंच ना?"

तो नाही म्हणाला नाही.

गाडी येऊन थांबली. दार उघडलं. कंडक्टरने वाकून पाहिलं. "बाई, येता का?" अंजली गाडीकडे नुसती बघत राहिली. आत शाळेच्या पोरी बसल्या होत्या, एकीच्या वेणीला लाल रिबीन होती. "चला, टाइम होऊन राहिला," कंडक्टर म्हणाला आणि घंटी वाजली. गाडी निघून गेली तेव्हा अंजली गावाच्या वाटेने चालायला लागली होती.

शिवहारने मोटरसायकल वळवली आणि तिच्या बरोबरीने हळूहळू चालवत राहिला.

"मागं बस. अंजली, मागं बस म्हणून राहिलो ना. लोक बघून राहिले."

"बघू द्या."

"काय करणार हायेस तू?"

खरं म्हणजे तिलाही अजून ठाऊक नव्हतं. पाय मात्र भरभर पडत होते.

अंगण माणसांनी भरलं होतं. तांड्यावरचे लोक म्हशी घेऊन आले होते. लिंबाखाली सरकारी डॉक्टर हात धूत होते. नेमसिंग कुणाला तरी जोरजोरात प्रभूची टाकी कशी निघाली ते सांगत होता. धुरपताबाई, शालूबाई, आणखी दहा जणी ओसरीच्या कडेला उभ्या होत्या. दगडोबा पाहुण्यांना चहा द्यायला लावत हिंडत होते. किती दिवसांनी ते असे आनंदात दिसत होते.

बनाबाईने सुनेला दारातून येताना पाहिलं, मग तिच्या मागे फाटकाशी थांबलेल्या लेकाला पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरून तिला काय ते कळलं. ती चटकन पुढे आली. "गाडी चुकली व्हय गं?" ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली आणि अंजलीचा दंड पकडला. "चल आत. पाणी पी."

तिची पकड फार घट्ट होती. अंजली जागची हलली नाही.

"सांगितलं त्यानं?" बनाबाई तिच्या कानाशी आली. "आत चल. तोंड उघडलंस तर त्यो जीव देईल. फाट्यावर हिर हाय. जल्मभर तुझ्या माथी राहील."

अंजलीने फाटकाकडे पाहिलं. शिवहार गाडीवरून उतरला नव्हता. इंजीन चालूच होतं. आत यावं की निघून जावं हे त्याचं ठरत नव्हतं, आणि त्याचे डोळे तिच्यावर खिळलेले होते. तो खरंच जीव देईल का, हे पाच वर्षं त्याच्याबरोबर राहूनही तिला सांगता आलं नसतं. वसमतला आता राधिका सायकल बाहेर काढत असेल.

"काहून परत आलीस गं, बाई?" दगडोबांनी चहाची किटली हातात घेऊन लांबूनच विचारलं. चारदोन माणसांनी वळून पाहिलं. नेमसिंग बोलता बोलता थांबला.

अंजलीने साडीची पिशवी ओसरीच्या पायरीवर ठेवली.

"मामा," ती म्हणाली, "डाक्टरसायबांना जरा थांबायला सांगा. सगळ्यांनाच सांगा. मला बोलायचंय."

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. बनाबाईने तिचा दंड अजून सोडला नव्हता. तिची बोटं अंजलीच्या दंडात रुतली होती. अंजलीने ती एकेक करून सोडवली.